मांडवाबाहेर गेलेलं गाणं

दोन हजार तेवीस साली अधिक श्रावण आला होता. पाऊस हुलकावण्या देत होता, लग्नं बंद होती आणि घरोघरी जावई धोंडे जेवून जात होते. त्या महिन्यातल्या एका सोमवारी, आष्टीच्या शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता सरदारबी म्हणाली,

"दैवशाला, खबर हाये का? मिथुननं तुझ्या करणला अनफॉलो केलं."

"म्हंजी काय केलं?"

"दोस्ती तोडली. ईदला आमच्या घरी आल्ते तव्हा काढलेला फोटो न्हाई का, खांद्यावर हात टाकलेला? त्यातून करणला कापून टाकलंय. माझ्या पोरीनं, सालेहानं दाखवलं मला. फकत खांद्यावरची बोटं राहिलीत."

"मंग बोटं तरी कशाला ठेवली?" दैवशाला म्हणाली, आणि दोघी पातेल्याच्या दोन बाजूंनी हसल्या.

करण हा दैवशालाचा एकुलता एक. नवरा गेल्यावर चौदा वर्षं शाळेतली खिचडी शिजवून तिनं त्याला वाढवला. तो जालन्याला कॉलेजात गेला आणि रॅप करायला लागला. मिथुन तिकडचा, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा. दोघांनी मिळून जिल्ह्यातल्या गाड्यांच्या एमएच-२१ या नंबरावरून 'एकवीस' नावाचं गाणं केलं, ते चाललं, आणि आपल्या जिल्ह्याचे हे दोन पोरगे फोनवर दिसायला लागले. मग गाणं कुणाचं जास्त, नाव कुणाचं आधी, यावरून ठिणगी पडली. एकानं काही टाकलं की दुसरा तासाभरात उत्तर टाकायचा. कोणी कोणाचा फोटो काढला, कोण लाइव्ह येऊन काय बोललं, कोणी कोणाला ब्लॉक केलं, हे चहाच्या टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. सरदारबीला तर ते सगळं क्रमानं पाठ होतं.

दैवशालाला त्यात नवं काही वाटलं नाही. कारण उखाळ्यापाखाळ्या हाच तिचा धंदा होता. धंदा म्हणजे पोटाचा नव्हे, मानाचा. आष्टीत कुणाचीही लेक लग्नाची असो, वऱ्हाड मांडवात बसलं की विहिणीची गाणी म्हणायला दैवशालाच लागायची. लग्नाआधी आठ दिवस ती कासाराला, न्हाव्याच्या बायकोला, एसटीच्या कंडक्टरला विचारून मुलाकडच्या घराची उसवलेली शिवण शोधून काढायची आणि भर मांडवात त्याच जागी टोचायची. समोरच्या बायका लालबुंद व्हायच्या, तिच्याकडच्या हसून लोळायच्या.

पण त्याला नियम होता. गाणं संपलं की गाणारणीनं उठायचं, विहिणीजवळ जायचं, तिच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि म्हणायचं, "मांडवातलं मांडवात." विहिणीनं गूळ गिळला की गाणं गिळलं. दुसऱ्या दिवशी त्यातला एक शब्दही कुणी उच्चारायचा नाही. तिनं शंभरावर मांडव गायले, पण गुळामागून कधी भांडण आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी करण घरी आला आणि सरळ चुलीपाशी बसला. कॉलेजात गेल्यापासून तो चुलीपाशी असा बसला नव्हता. दैवशालाचा हात भाकरीवर हलका पडायला लागला.

"माय, मिथुनच्या घरचं काय ठाऊक हाये का तुला?"

"त्याची आई आपल्याच गावची. मनीषा. तिच्या लग्नात मीच गायल्ते."

"काय गायल्तीस?"

"न्हाई बाबा. त्ये मांडवातलं."

"माय, सगळे इंग्रजीची नक्कल करून राह्यले. मला आपलं पाहिजे. तुझं. तू जे करत व्हतीस त्येच आम्ही करून राह्यलो ना? फरक काय?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मुलाला आपल्या गाण्याची लाज वाटते असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. तो आज मागायला आला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हटलं,

"इहीणबाई, ल्योक तुमचा लई म्हणं गुणाचा,
पहिली गेली पाण्याला, काठावर हंडा कुणाचा?"

करणनं विचारलं, "पहिली म्हंजी?"

"मिथुनच्या बापाची, परमेश्वरची पहिली बायको. मनीषा दुसरी. पहिली काविळीनं गेली म्हणून मनीषाच्या घरी सांगितल्तं त्यांनी. कासार म्हणला, इहिरीत गेली. मी तसं गायले. नव्याण्णव साल व्हतं. सारा मांडव गप झाला, पोरा. मंग मी गूळ दिला, मिटलं. तू बी गूळ दे बरं त्याला नंतर."

"देईन की," करण म्हणाला. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं.

करणचं नवं गाणं नागपंचमीच्या आदल्या दिवशी आलं. दोन दिवसांत शाळेतली पोरं ताटं वाजवत खिचडीच्या रांगेत ते म्हणायला लागली. एक म्हणायचा, "बाप तुझा गुणाचा," आणि सगळी रांग ओरडायची, "हंडा कुणाचा!" पहिल्या दिवशी दैवशालाला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना गप बसवलं. तिसऱ्या दिवशी ती गप बसवायचीही थांबली, कारण रस्त्यावर, टेम्पोत, पानटपरीवर सगळीकडे तेच चाललं होतं.

"मिथुनचा जवाब आला का गं?" तिनं सरदारबीला विचारलं.

"न्हाई आला. तेच तर सगळे बघून राह्यले. काल दुपारी लाइव्ह आल्ता म्हणं. बोलला काहीच न्हाई. नुसता बसून राहिला कॅमेऱ्यासमोर. लोक खाली हंडे टाकून राह्यल्ते, हंड्याची चित्रं. मंग त्यानं हात पुढं केला आन् बंद केलं." सरदारबीनं मिठाचा डबा खाली ठेवला. "मला काय ठीक वाटत न्हाई, दैवशाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं व्हतं."

दैवशालानं करणला फोन लावला. "काढून टाक त्ये गाणं."

"काढून काय व्हतंय, माय? लोकांनी उतरवून घेतलंय. तो जवाब दील, मंग मी दीन, दोघांचं बी वाढतंय. ह्यो खेळच असा हाये."

"त्याला ठाऊक व्हतं का, बापाला पहिली बायको व्हती म्हणून?"

"मला कसं ठाऊक असणार?" करण म्हणाला.

त्यानंतर चौथ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला शेडच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, अंगानं वाळलेला, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. आत न येता त्यानं नाव सांगितलं. इंद्रभान. परमेश्वरच्या पहिल्या बायकोचा थोरला भाऊ.

"ह्ये गाणं तुमचं हाये म्हणत्यात," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट मऊ होता, देवळात बोलावं तसा. "आमच्या बहिणीला जाऊन पंचवीस साल झाले. आम्हाला सांगितलं, हंडा भरताना पाय घसरला, हंड्यासगट गेली. आम्ही गरीब माणसं, मानलं. आता तुमचं गाणं म्हणतंय, हंडा काठावर व्हता. काठावर असंल तर ती भरत नव्हती. मंग इहिरीत कशी गेली? बाई, तुम्हाला काय दिसलं ते सांगा. एवढंच इचारायला आलो."

दैवशालाच्या हातातला चमचा पातेल्यात बुडाला. कासारानं विहीर सांगितली होती. हंडा त्यानं सांगितलाच नव्हता. 'गुणाचा'ला जुळणारं काहीतरी पाहिजे होतं म्हणून मांडवाच्या आदल्या संध्याकाळी, तांदूळ निवडता निवडता, तो हंडा तिनंच काठावर ठेवला होता.

"दादा, मला काय बी दिसलं न्हाई. मी त्या गावाला कव्हा गेले बी न्हाई. हंडा मी घातला. गाण्यासाठी."

इंद्रभाननं मान हलवली, जणू त्याला हवं ते कळलं होतं.

"पोरासाठी भिऊन राह्यलात तुम्ही. समजलं. असू द्या."

"दादा, देवाशप्पथ."

"असू द्या, बाई," तो पुन्हा म्हणाला आणि गेला. सरदारबी त्याच्यामागं फाटकापर्यंत धावली. परत आली ती पदर डोक्यावर ओढून. "पिंपळगावला चालला," ती म्हणाली. "दोघं जण गाडीवर थांबल्ते त्याच्यासाठी."

दैवशाला त्या रात्री झोपली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघाली. पदराला गुळाचा खडा बांधला होता. दुसरं काय न्यायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. परतूर, जालना, भोकरदन अशा तीन एसट्या बदलत ती दुपारी पिंपळगाव रेणुकाईला उतरली. स्टँडवर घर विचारलं तर एकानं नुसता हात दाखवला.

अंगणात मनीषा तुरीची डाळ पाखडत बसली होती. सूप थांबलं नाही. ओसरीवर परमेश्वर भिंतीकडे तोंड करून निजला होता, पाय पोटाशी घेऊन.

"बसा, आक्का," मनीषा म्हणाली.

"कोनी आल्ते का काल?"

"आल्ते. चौकात उभं केलं ह्यांना. ते गाणं फोनवर लावलं, तीनदा. इचारलं, खरं का खोटं. ह्ये काय बोलले न्हाईत. मारलं न्हाई कोनी. मारलं असतं तर बरं झालं असतं, तव्हा तरी बोलले असते." तिनं डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला. "मिथुन परवाच गेला. फोन बंद हाये. जाताना मला इचारलं, आई, तुला ठाऊक व्हतं? मी म्हणलं, व्हतं. तुझ्या जल्माच्या आधीपासून."

दैवशालानं पदराची गाठ सोडली. हात पुढं केला.

"मनीषा, माझं चुकलं. मांडवातलं मी बाहेर काढलं. ह्यो घे."

मनीषानं त्या खड्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळेच दैवशालाला पुढं टेकायला जागा मिळेना.

"तव्हा गूळ तुम्ही माझ्या सासूला दिल्ता, आक्का. मी बाजूलाच बसल्ते, हळदीच्या अंगानं. मला कोनी दिला न्हाई." ती सूप मांडीवर घेऊन बसली. "तुमचं तिथंच मिटलं. मी मातर हिकडं आल्यावर पयल्या दिवशी इहीर बघायला गेले. चोवीस साल झाले, पाण्याला कव्हा एकटी गेले न्हाई. कोनतरी संगं लागायचंच. नळ आला तव्हा रडले मी. ह्ये म्हणायचे, नळ आला म्हणून कोन रडतं का? ह्यांनी एक बोट बी उचललं न्हाई माझ्यावर इतक्या वर्सांत. आन् मी दर रोज बघत राहिले, आज उचलतील का म्हणून."

ओसरीवरचा माणूस हलला नाही.

मनीषानं आवाज उतरवला. "एकच सांगा. त्यो हंडा खरंच काठावर व्हता का?"

दैवशालाला वाटलं, खोटं बोलावं. पण कोणतं खोटं? हो म्हणावं तर तो माणूस बुडतो. नाही म्हणावं तर हिची चोवीस वर्षं बुडतात. शेवटी तिनं खरं तेच सांगितलं.

"मला ठाऊक न्हाई, बाई. यमक जुळंना म्हणून मी घातला."

मनीषा उठली, सूप भिंतीला टेकवलं, आणि आत जाऊन बाहेर आली ती तांब्या घेऊन. "पाणी घ्या. तीन वाजताची गाडी हाये तुमची, पुढची संध्याकाळी लागते." गूळ दैवशालाच्या हातातच चिकटून राहिला होता.

त्यानंतर करणनं गाणं काढून टाकलं, पण दुसऱ्यांनी टाकलेलं आजही वाजतं. तो कुठंही स्टेजवर उभा राहिला की लोक तेच मागायचे. वर्षभरानं त्यानं गाणं सोडलं आणि पुण्याला एका गोदामात कामाला लागला. एकदा तो जालन्याला जाऊन मिथुनला भेटून आला. मिथुन तिथं लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर आहे. त्यानं करणला चहा पाजला, निघताना गाडीपर्यंत सोडायलाही आला, पण बोलला नाही. त्याच्या खात्यावर आता एकही गाणं नाही, एकही फोटो नाही. तरी सरदारबी सांगते, अजून हजारो लोक त्या रिकाम्या पानाला धरून बसलेत, तो कधीतरी जवाब देईल म्हणून.

इंद्रभाननं पोलिसांत अर्ज दिला. पंचवीस वर्षांमागचे कागद सापडत नाहीत. तो दर महिन्याला जाऊन विचारून येतो, आणि प्रत्येक वेळी सांगतो की एक बाई आहे आष्टीला, तिला सगळं ठाऊक आहे.

सरदारबीच्या सालेहाचं लग्न परतूरला झालं. तिथं बायकांनी दैवशालाला गाण्याचा आग्रह केला तेव्हा सरदारबीनंच त्यांना थांबवलं. दैवशाला अजून खिचडी करते. पूर्वी ती वाढता वाढता प्रत्येक पोराला घरचं काहीबाही विचारायची. आता ताट पुढं आलं की ती ताटाकडे बघते आणि वाढते.

परमेश्वर पिंपळगावातच राहिला. तो कुणाशी बोलत नाही. मनीषा मुलाजवळ जालन्याला राहते आणि बियाण्याच्या कारखान्यात निवडायला जाते. पण दर सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं गावी जाते, घर झाडते, नवऱ्याचे कपडे धुते, चार दिवस टिकतील अशा दशम्या करून फडक्यात बांधून ठेवते. मग पायरीवर बसून, घरातलं न घेता, जालन्याहून येताना आणलेल्या बाटलीतलं पाणी पिते, आणि परतीच्या गाडीची वाट बघते.