अजून एक बाकी

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. हिच्यात राजा नाही, राणी नाही. एक काका आहेत, एक आजी आहे आणि काँप्युटरचा एक पडदा आहे. देव जेवढी वाणी देईल तेवढ्यात सांगतो.

एका मोठ्या दवाखान्यात हे काका कामाला होते. कुठल्याही तक्त्यात हवं ते सूत्र बसवून द्यायचे, म्हणून सगळे त्यांना सूत्रकाका म्हणत. त्यांची खोली तळघरात होती, औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या पलीकडे. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लांब राहायची आणि रविवारी फोन करायची. दुपारचा डबा काका पडद्यासमोरच खायचे. दिवसभरात त्यांच्याशी कोणी बोलायला आलं, तर समजायचं की कुठेतरी काहीतरी बिघडलंय.

या दवाखान्यात मूत्रपिंडाच्या रोग्यांचं रक्त यंत्रावर शुद्ध करत. रोगी दिवसाआड येत, आणि ज्यांना स्वतःहून येणं जमत नसे त्यांना दवाखान्याची गाडी घरून घेऊन येई. असे एकशे शहाऐंशी जण होते. उद्या कोणाला, किती वाजता, कुठली गाडी, ही यादी रोज दुपारी चारला निघायची. वरच्या मजल्यावर एक ताई होत्या, त्यांना सगळे गाडीताई म्हणत. त्यांनी एक बटण दाबायचं की काकांनी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, मॅक्रो म्हणतात त्याला, एकेक ओळ घेऊन आपोआप यादी भरत जायचा.

पूर्वी याला चाळीस मिनिटं लागत. काकांनी एक युक्ती केली. काम चालू असताना पडद्यावर काही दाखवायचंच नाही, असं मॅक्रोला सांगून टाकलं. चाळीसची अकरा मिनिटं झाली आणि काका मनातल्या मनात फुलले. पण त्या अकरा मिनिटांत पडदा पांढराफटक पडायचा, ना हूं ना चूं. गाडीताईंनी फोन केला, "काका, तुमचं यंत्र मेलंय की झोपलंय, एवढं तरी कळवत जा."

काकांनी हसून फोन ठेवला, पण ते हसू टिकलं नाही. बायको अगदी हेच म्हणायची. तुम्ही गप्प बसलात की घरात आहात की बाहेर, तेच समजत नाही, म्हणायची.

दोन दिवस बसून त्यांनी पडद्याच्या खाली एक हिरवी पट्टी बसवली. एक ओळ झाली की पट्टी तेवढी पुढे सरकणार आणि शेजारी टक्के दिसणार. वरच्या मजल्यावर आनंदीआनंद झाला. पट्टी बघत चहा प्यायचा, असा गाडीताईंचा नेमच होऊन गेला. काकांना कोणीतरी दारात येऊन छान झालंय म्हणून गेलं. त्या दिवशी त्यांचा डबा सगळा संपला.

आता चूक कुठे झाली ते ऐका. यादीत जवळचे रोगी आधी होते, लांबचे शेवटी. जवळच्यांच्या ओळी झरझर भरायच्या. शेवटचे तीन मात्र फार लांब राहायचे. त्यांच्यासाठी मॅक्रो प्रत्येक गाडी, प्रत्येक रस्ता धुंडाळत बसायचा. म्हणजे सात मिनिटांत अठ्ठ्याण्णव टक्के, आणि मग चार मिनिटं पट्टी जागची हलायची नाही. इकडे खिडकीशी ड्रायव्हर उभे. त्यातला एक रोज म्हणायचा, ताई, यादी देताय की आम्ही इथेच बिछाना घालू? गाडीताई अठ्ठ्याण्णवकडे बघायच्या, झालंच की म्हणायच्या, मॅक्रो बंद करायच्या आणि यादी छापायच्या.

शेवटच्या तीन ओळींत मग आदल्या दिवसाचंच लिहिलेलं राहायचं. आदल्या दिवशी त्या तिघांचा वार नसायचा, त्यामुळे तिथे 'आज वार नाही' असं असायचं. रकाना रिकामा असता तर कोणालातरी खटकलं असतं. भरलेल्या रकान्यावर कोण शंका घेणार? त्या तिघांतल्या दोघांच्या घरी सुना-मुलं होती. गाडी आली नाही की ती फोनवर दवाखाना डोक्यावर घ्यायची आणि गाडी धावायची. तिसरी एक आजी होती. अगदी शेवटची ओळ. तिच्या घरून फोन येत नसे.

एका सकाळी यंत्रांच्या कक्षातली सिस्टर स्वतः तळघरात उतरली. अकरा नंबरची खुर्ची लागोपाठ दोनदा रिकामी राहिली, आजींचा वार बदललाय का, असं तिने विचारलं. काकांनी जुन्या याद्या उघडल्या. शेवटच्या तीन ओळी पाहिल्या: आजीच्या वारालाही 'आज वार नाही'. दोनदा चुकलं म्हणजे काय, ते सिस्टरने सांगायची गरज नव्हती. पाणी अंगात साठत जातं, मग छातीत चढतं.

त्यांनी फोन लावला. बऱ्याच वेळाने आजीने उचलला. एकेका शब्दामागे दम खात होती.

"आजी, गाडी आली नाही तर कळवायचं नाही का?"

"वाटलं, तुमचं काही काम चालू असेल. मध्येच कशाला विचारा. शेवटी येईल म्हणून बसले पायरीवर."

"दोन्ही दिवस?"

"मग कुठे जाणार होते?"

काकांनी मिळेल ती गाडी पिटाळली आणि स्वतः फाटकात जाऊन उभे राहिले. जाऊन परत यायला गाडीला दीड तास लागला. त्या दीड तासात देवाचं नाव सोडून त्यांच्या तोंडात दुसरं काही नव्हतं. आजीला उतरवलं तेव्हा तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. डॉक्टर धावले. अर्धा दिवस गेला तेव्हा कुठे सिस्टर म्हणाली, बचावल्या.

काका खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. चूक माझी आहे, असं त्यांनी सांगितलं. पट्टीचं, टक्क्यांचं, सगळं सांगितलं. आजीला त्यातलं किती कळलं देव जाणे. तिने यंत्रावरच्या आकड्याकडे बोट केलं. किती वेळ उरलाय ते तिथे दिसत होतं.

"चार तास कोणी बोलायला नसतं हो. मी ह्याच्याकडे बघत बसते. किती झालं त्याचं मला काय? किती राहिलं, ते कळलं की माणूस दम धरतं."

काका परत खाली आले आणि ती हिरवी पट्टी त्यांनी काढून टाकली. तिच्या जागी साधी अक्षरं आली: 'अजून चाळीस जण बाकी'. मग तीस. शेवटच्या तिघांपाशी मॅक्रो त्या माणसाचं नाव लिहायचा आणि पुढे 'यांच्यासाठी गाडी शोधत आहे'. शिवाय मध्येच थांबवला तर यादी छापलीच जायची नाही. या सगळ्यात मिनिटभर जास्त लागायला लागलं. साहेब कुरकुरले. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं.

गाडीताईंनाही त्यांनी वर जाऊन सगळं सांगितलं, दोष स्वतःकडे घेऊन. त्या दिवशी खिडकीतल्या ड्रायव्हरने बिछान्याची गंमत केली तेव्हा ताईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. 'अजून एक बाकी', आणि पुढे आजीचं नाव. ड्रायव्हर म्हणाला, या आजी माझ्याच गाडीत असतात. आणि उभा राहिला, गुमान.

त्यानंतर काका दिवसाआड डबा घेऊन अकरा नंबरच्या खुर्चीशी जाऊन बसत. फार बोलत नसत दोघं. आकडा कमी होताना बघत.

असं दीड वर्ष चाललं. मग एका थंडीत आजी झोपेतच गेली; वय झालं होतं, कोणाचीच चूक नव्हती. कार्यालयातून तिची ओळ काढून टाकली. त्या दिवशी चारला गाडीताईंनी बटण दाबलं आणि यादी नेहमीपेक्षा दोन मिनिटं लवकर संपली. छापायचं सोडून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. खाली तळघरात काकांनी डबा उघडला, आणि तसाच झाकून ठेवला.

एवढंच सांगायचं होतं. आज निजण्याआधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या आजीची आठवण ठेवा. तिचं म्हणून कोणी नव्हतं. तुमच्या तोंडून निघेल तेवढंच तिला.