एकशे अठराव्या मागाची फाइल

"किती दिवस टकटकत होती ही? कानात बोळे घालून बसला होता का काका?"

डिस्कवाल्याने हातातली वायर टेबलावर आपटली. हे नुसते हसले. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की हे असेच हसतात, आणि त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"ते बहिरे आहेत," मी म्हटलं. "कारखान्यानं केलेत. किती बहिरे आणि कधीपासून, ते सगळं तुझ्या समोरच्या त्या डबीत आहे. आता तोंड सांभाळून पुढचं बोल."

तो तिशीचा असेल. दुकानात उघड्या पडलेल्या यंत्रांचा ढीग, आणि भिंतीवर पाटी, 'डिस्क आवाज करत असेल तर ताबडतोब बंद करा'. ती पाटी मी तिसऱ्यांदा वाचत होते.

मी कारखान्याच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होते. हे त्याच कारखान्यात विणकर, माग क्रमांक एकशे अठरा. दर सहा महिन्यांनी एकेका विणकराला काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, आवाज आला की बोट वर करायला सांगायचं. दरवेळी बोट आणखी उशिरा वर यायचं. मी आलेख काढायची आणि साहेबांकडे पाठवायची. साहेब शेरा मारायचे, 'वयोमानानुसार'. बावीस वर्षांच्या पोरालाही वयोमानानुसार!

प्रत्येक विणकराची फाइल मी मागाच्या क्रमांकाने ठेवली होती, कारण हजेरीपासून रजेपर्यंत कारखान्यात माणसाला तोच क्रमांक होता. मी निवृत्त झाले त्याच महिन्यात कागदी रजिस्टरं रद्दीत गेली आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर भंगारात. तो मी स्टोअरकीपरकडून रीतसर पावती करून घरी आणला. का आणला ते मलाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांचं काम भंगाराच्या ढिगात पडलेलं बघवलं नाही, एवढंच.

पुढे त्रेसष्ट विणकरांनी भरपाईचा दावा लावला, तेव्हा कंपनीने कोर्टात लिहून दिलं की कानांच्या नोंदी उपलब्ध नाहीत. मला हसू आलं होतं. आमचे वकील म्हणाले, सिस्टर, आहे ते सगळं आधी नव्या डिस्कवर उतरवून घ्या. मी तसं सुरू करून दिलं आणि त्याच दिवशी मुलीकडून फोन आला. तिचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. निघताना मी यांना बजावलं, "ती हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत फक्त बघत बसायचं. बटण दाबायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

यांना कळलं. चार दिवसांनी मी घराचं दार उघडलं तर आतून आवाज येत होता, टक, टक, टक, कुणीतरी नखाने पत्रा वाजवावा तसा. हे खुर्चीत ताठ बसलेले. पट्टी पहिल्या दिवशी जिथे अडकली तिथेच.

"भरत नाहीये," हे म्हणाले. "पण मी डोळ्यांत तेल घालून बसलोय."

कान असलेल्या कुणीही पहिल्या तासातच ते बंद केलं असतं.

"आत सुईसारखं टोक असतं," डिस्कवाला आता जरा खालच्या आवाजात सांगत होता. "ते तबकडीला घासतंय. चार दिवस घासलंय, काकू. मी चालू करून बघतो, पण ती तासभर चालेल की दहा मिनिटं, ते नाही सांगता येणार. सुनावणी कधी आहे?"

"गुरुवारी."

"म्हणजे परवा." त्याने मान हलवली. "मग सगळं मिळेल ही आशा सोडा. एकेक फाइल काढू. आधी कुठली?"

"एकशे अठरा," मी म्हटलं.

मला लाज वाटली नाही. अजूनही वाटत नाही. तीस वर्षं या माणसाशी मी आवाज न काढता बोलते आहे. मागांच्या गोंगाटात विणकर ओठांनीच बोलतात, तीच आमच्या घरातली भाषा. आमची भांडणंही तशीच, शेजाऱ्यांना वाटतं काय गुण्यागोविंदाने नांदतात! नातवाचा पहिला बोबडा शब्द मी यांना ओठांनी सांगितला. मग आधी आमची फाइल का नको?

पण यांनी माझे ओठ वाचले होते.

"माझी नको," हे म्हणाले. यांचा आवाज नेहमीच गरजेपेक्षा मोठा. "आधी गेलेल्यांच्या काढ."

मी ओठांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का?

"अकरा जण गेले त्यातले. त्यांच्या बायका दाव्यात आहेत. माझा कान मी तिथे नेऊन दाखवीन. मेलेल्याचा कान आता कोण तपासणार?"

"तुमचा तपासून काय कळणार?" मी ओठ ताणून ताणून म्हणत होते. "आज ऐकू येत नाही एवढंच कळेल. केव्हापासून येत नाही, ते फाइलशिवाय कसं कळेल? ते म्हणतील म्हातारपणानं आलंय. साठी उलटली तुमची!"

"म्हणू देत."

"म्हणू देत काय? ही तुमच्यामुळेच..."

पुढचं मी बोलले नाही, पण यांनी वाचलं असणार. आवाज नसलेल्या बोलण्याचा हा एक तोटा आहे, शब्द तोंडातच थांबवला तरी ओठांवर दिसतो.

डिस्कवाला एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघत होता. त्याला यांचंच बोलणं ऐकू येत होतं, माझं नाही. "मग आधी कुठली?" त्याने पुन्हा विचारलं.

यांनी क्रमांक सांगायला सुरुवात केली. "चार. एकोणीस. वीस. बेचाळीस..." अकराच्या अकरा, कागद न बघता. मी मान फिरवली.

डिस्क चालू झाली. टक, टक, मग जरा सरळ घुरघुर, मग पुन्हा टक. डिस्कवाल्याच्या पडद्यावर आकडा सरकायचा, अडकायचा. यांनी एकाएकी हात पुढे करून डिस्कवर तळवा ठेवला.

"ओ काका!" तो ओरडला.

"घासतेय ही," हे म्हणाले. "आतून. मागाचा धोटा चुकीचा जायला लागला की असंच लागतं हाताला."

यांना कान नसले तरी मागाच्या चौकटीवर हात ठेवून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचे. अख्खं खातं यांना बोलवायचं. चार दिवसांत एकदा, फक्त एकदा त्या कॉम्प्युटरवर हात ठेवला असता तर यांना कळलं असतं. नाही ठेवला. हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं.

इतका वेळ मी यांच्यावर चिडले होते, त्या पोरावर चिडले होते, साहेबांवर तर जन्मभराची चिडले होते. तो सगळा राग वळून माझ्याच अंगावर आला. यांना सांगावं म्हटलं, पण यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतं. डोळे मिटलेले, तळवा डिस्कवर.

मग यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

डिस्कवाल्याने पडद्याकडे पाहिलं. आकडा अजून सरकत होता. दोन क्षणांनी अडकला. त्याने झटकन डिस्क बंद केली, गार होऊ दिली, पुन्हा लावली. पुढच्या वेळी यांचं बोट वर आलं तेव्हा त्याने आकडा अडकायची वाट पाहिली नाही.

असं दुपारपर्यंत चाललं. अकरा मिळाल्या. मग जिवंत असलेल्यांच्या, यांनी सांगितल्या त्या क्रमाने, आणखी सत्तावीस. मी दोनदा मध्येच एकशे अठरा म्हटलं. दोन्ही वेळा यांनी दुसराच क्रमांक सांगितला. बाकीच्या लावून पाहिल्या, उघडल्याच नाहीत. शेवटी यांच्याशिवाय कुठलाच क्रमांक उरला नाही तेव्हा मी यांच्याकडे न बघता डिस्कवाल्याला म्हटलं, "आता." त्याने एकशे अठरा लावली. टकटकसुद्धा झाली नाही. यांनी हात काढून घेतला आणि पॅंटला पुसला.

"सव्वीस गेल्या, नाही, पंचवीस," डिस्कवाला मोजत म्हणाला. "काकू, मी मघाशी काकांना जे बोललो..."

"ते त्यांना ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "मला आलं."

गुरुवारी कोर्टात अडतीस आलेख टेबलावर होते. मागच्या बाकावर अकरा जणी दाटीवाटीने बसल्या होत्या. कंपनीचा वकील कागद चाळत एकेका विणकराला उभं करत होता. यांची पाळी आली. त्याने मान खाली घालूनच, पुटपुटल्यासारखं, काहीतरी विचारलं. हे हसले. नेहमीचं हसू. वकिलाने न्यायाधीशांकडे बघून खांदे उडवले.

मी उठले. साक्षीदार नसलेल्याने बोलायचं नसतं हे मला माहीत होतं.

"मान वर करून बोला," मी म्हटलं. माझा आवाज त्या खोलीत फार मोठा झाला. "ते ओठ वाचतात. तुमच्या कारखान्यानं शिकवलंय."

न्यायाधीशांनी मला बसायला सांगितलं. मग चष्म्यावरून वकिलाकडे बघत म्हणाले, "त्यांच्याकडे बघून विचारा."

वकिलाने मान वर केली. यांच्या तोंडाकडे बघत, प्रत्येक शब्द सुटा करून त्याला पुन्हा विचारावं लागलं, "तुमच्या बहिरेपणाचा, तुमच्याकडे, काही पुरावा आहे का?"

"माझा नाही," हे म्हणाले, आणि टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "त्यांचा आहे."