हळदीत घोळलेल्या अळ्या

सिस्टरनं चिमट्यानं पहिली अळी उचलून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली. मग दुसरी. मग तिसरी. आक्काच्या पायाला करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्यात त्या वळवळत होत्या. पाय पार पोटरीपर्यंत काळानिळा झाला होता.

"आजी, हळद भरलासा काय जखमेत? अळ्यासुद्धा पिवळ्याजर्द झाल्यात बघा."

आक्का पंख्याकडं बघत राहिली. उशाशी उभा असलेला तिचा धाकटा भाऊ आकाराम मात्र ट्रेवर वाकून बघायला लागला. जखमेत हळदीचा कण नव्हता. पिवळ्या होत्या त्या फक्त अळ्या.

आता आकारामालाच त्या ओळखू येणार नाहीत, तर कुणाला? फौंड्रीतनं रिटायर झाल्यापासून चार वर्षं त्यानं दुसरं केलं होतं काय? गोठ्यामागं पत्र्याचा डबा टांगायचा, खाटकाकडची आतडी त्यात घालायची आणि माश्या बसू द्यायच्या. पाच-सहा दिवसांत डब्याच्या बुडाच्या भोकांतून अळ्या खालच्या कोंड्यात टपाटप पडायच्या. त्या चाळायच्या, वास जावा म्हणून हळदीत घोळायच्या, आणि डबी खिशात घालून मासे धरायला राजाराम बंधारा गाठायचा. मेलेल्या अळीला चिलापी हुंगून सोडते, गळाला वळवळतीच लागते, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. हळदीची युक्ती तर त्याची स्वतःची. बंधाऱ्यावर दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती, याचा केवढा तोरा!

डॉक्टर आले. कोवळेच होते, पण बोलले स्पष्ट.

"गँगरीन आहे. विष वर चढतंय. आजच गुडघ्याखालून पाय काढायला हवा. उद्यावर गेलं तर जिवाचंही सांगता येणार नाही. आठ दिवस आधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं." त्यांनी कागद पुढं केला. "पेशंट शुद्धीवर आहेत. सही त्यांचीच लागेल."

"मी सही करत न्हाय," आक्का म्हणाली.

डॉक्टर कागद तिथंच ठेवून, अर्ध्या तासात येतो म्हणून गेले. सिस्टरही ट्रे घेऊन गेली. आकाराम खाली वाकला.

"आक्का, ह्या माझ्या डबीतल्या हायत."

"मग दुसऱ्या कुणाच्या असणार?"

"तू लावल्यास?"

"मीच लावल्या. तूच म्हणालतास की."

म्हणाला होता. दिवाळीनंतरची गोष्ट. त्याची बायको शालूबाई डब्यावरनं कडाडली होती, घरात किडं पाळून ठेवल्यात म्हणाली होती, आणि हा गडीही पेटला होता. "तुला काय कळतंय? फॉरेनात डॉक्टर लोक ह्याच अळ्या जखमेत सोडत्यात. सडकं तेवढं खात्यात, जित्या मासाला तोंड लावत न्हाईत. पाय वाचत्यात माणसांचं!" मोबाइलवर बघितलं होतं त्यानं. त्या अळ्या वेगळ्या, दवाखान्यात निर्जंतुक करून वाढवलेल्या, असंही त्यात काहीतरी होतं. पण भांडण जिंकायला निघालेला माणूस तेवढं कशाला सांगतोय? आक्का तेव्हा दारात तांदूळ निवडत बसली होती.

"आठ दिवस झालं," आक्का हळू आवाजात सांगत होती. "रोज चमचाभर नवीन घालायची आणि लुगड्याची पट्टी बांधायची. एकदा पण दुखलं न्हाय बघ, आकाराम. गुण आल्याबिगर का असं हुतंय?"

आकाराम स्टुलावर बसला. शुगरनं त्या पायाची जाणीवच गेली होती. विस्तव ठेवला असता तरी दुखलं नसतं. घरात आठ दिवस घाण वास येत होता तोही त्याला आठवला. शालूबाईनं डब्याला शिव्या घातल्या होत्या आणि यानं डबा दोनदा लांब नेऊन टांगला होता, पार उकिरड्याच्या पल्याड. आक्का पाय लुगड्याखाली घेऊन बसून होती.

"आजून दोन दिवस ऱ्हाऊ दिलं असतं तर साफ झालं असतं," ती म्हणाली. "त्या पोरीनं उगंच काढल्या. तू घरला जा आणि डबी घिऊन ये."

आई गेली तेव्हा आकाराम पाच वर्षांचा होता आणि आक्का चौदाची. शाळा सोडून तिनं त्याला वाढवलं. नवरा गेल्यावर गारगोटीच्या सासरहून परत आली ती याच्याच घरी, याच्याच भरवशावर. आकारामानं सांगितलं आणि आक्कानं ते मानलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. आता तिला निर्जंतुक अळ्यांचं समजावत बसलो तर म्हणेल, मग तसल्या आण. आणि अर्ध्या तासातली दहा मिनिटं तर गेलीच होती. त्यानं स्टूल खाटेजवळ ओढलं.

"आक्का, मी खोटं बोललो."

"काय?"

"अळ्यांचं. कुठला डॉक्टर तसलं काय लावत न्हाय. शालूला गप करायला थाप मारली मी."

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भर बाजारात कुणी हात सोडून जावं, तसा तिचा चेहरा झाला.

"थाप?"

"व्हय."

तिनं चादरीतनं हात बाहेर काढला.

"आण कागद."

उताणं पडल्या पडल्या तिनं नाव लिहिलं, शाळेत घटवलेल्या अक्षरात, कानामात्रा सगळं जागच्या जागी. आकारामानं कागद धरला होता.

तेवढ्यात शालूबाई जेवणाचा डबा घेऊन धापा टाकत आली. बाहेर सिस्टर भेटली होती तिला.

"आवो, जखमेत अळ्या पडल्या म्हणं! कुठनं आल्या?" आणि मग आवाज चढवून, "तुमच्या त्या डब्यातल्याच न्हवं?"

आकारामानं तोंड उघडलं.

"माश्या बसल्या," आक्का मधेच म्हणाली. "पाय उघडा टाकून झोपलो मी. माझीच चूक. त्याला काय बोलू नगंस."

"व्हय काय वो?"

आकारामानं मान हलवली. सुटलो, असं वाटलं त्याला. खोटं कशाला बोला, हलकंच वाटलं. मग स्वतःचीच एवढी शिसारी आली की तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

स्ट्रेचर आलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत आकाराम बाजूनं चालत गेला. दारात डॉक्टर हिरवी टोपी घालून उभे होते. आक्कानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं मान वळवली आणि आकारामाची बाही धरली.

"आकाराम, कापताना दुखंल काय रं?"

"न्हाय, आक्का."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.