दहापैकी आठ

बावीस वर्षं मी खेळाडूंच्या कॅम्पात मसाज करते आहे. कोण झोपलं नाही, कोण कुणाशी भांडून आलंय, हे पाठीवर हात ठेवला की मला कळतं. तोंडाने मात्र सगळे मजेत असतात.

टिटवी हे नाव तिच्या काटकुळ्या पायांवरून मीच ठेवलं. अडथळ्यांच्या शर्यतीत तिचा हात धरणारं देशात कुणी नव्हतं. गेल्या वर्षीच्या मोठ्या फायनलमध्ये ती सगळ्यांच्या पुढे होती आणि शेवटच्या अडथळ्यात पाय अडकून तोंडावर आपटली. गुडघा दीड महिन्यात बरा झाला, झोप काही परत आली नाही. "डोळे मिटले की पडते, मावशी," ती सांगायची. मी तेल चोळत राहायचे. माझ्याकडे दुसरं होतं काय?

कॅम्पात रोज सकाळी फोनवर एक फॉर्म भरायचा असतो. झोप, भूक, मन, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. पोरी डोळे झाकून आठ टाकतात. दहा टाकले तर कोचना संशय येतो, सहा टाकले तर बोलावणं येतं. यंदा मनाच्या डॉक्टरीणबाई नव्याने आल्या. गोड बाई. सगळ्यांना गोल बसवून म्हणाल्या, फॉर्म फक्त मी वाचणार, तेव्हा खरं लिहा. पोरींनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ.

मला मात्र बाई पटल्या. या वयात माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मी टिटवीच्या मागेच लागले. दुखणं असं अंगावर काढू नये, निवडीला अजून दोन आठवडे आहेत, सांगून टाक. ती नको नको म्हणत होती. शेवटी माझ्याच टेबलावर पालथं पडून तिने झोपेला दोन टाकले आणि मनाला एक.

डॉक्टरीणबाई तिच्याशी तीनदा बोलल्या. पोरगी पोटभर रडली आणि चक्क झोपायला लागली. माझ्या हाताखाली तिची पाठ सैल पडली, वर्षात पहिल्यांदा. निवडीच्या शर्यतीत ती पहिली आली. मी जेवणघरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, बघा, खरं बोललं की असं होतं.

दोन दिवसांनी फळ्यावर संघाची यादी लागली. तिच्या नावापुढे 'विश्रांती' लिहिलं होतं.

मी तडक कोचकडे गेले. ते म्हणाले, तिच्याच भल्यासाठी आहे हे. स्वतःच्या मनाला जी एक गुण देते तिच्यावर देशाने काय म्हणून विसंबायचं? तिथेच बसलेल्या डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले होते. फॉर्म निवड समितीकडे जातात हे त्यांनाही म्हणे उशिराच कळलं. त्यांनी शेऱ्यात 'आधाराची गरज' लिहिलं होतं, समितीने त्याचा अर्थ लावला, भरवसा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तो हात तिला पुढे करायला मी लावला होता. तिच्या जागी जी गेली ती प्रत्येक शर्यतीआधी ओकते. मला माहीत आहे, बादली मीच धरते. तिचेही रोज आठच असतात.

टिटवी भांडली नाही. बूट पिशवीत भरले, माझ्या पाया पडली आणि घरी गेली. एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दर रविवारी मी फोन करते. आधी तिची आई घेते आणि हळूच सांगते, पोरगी दिवसदिवस खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही, डॉक्टरचं नाव काढू देत नाही. मग टिटवी फोन घेते. झोप छान लागते, म्हणते. भूक आहे, मजेत आहे. फोनवरून पाठीला हात लावता येत नाही.

मागच्या रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्याशी तरी खरं बोल गं."

"खरं एकदा सांगून झालं, मावशी," ती म्हणाली, आणि माझ्या कंबरेचं दुखणं आता कसं आहे ते विचारू लागली.