उजव्या गुडघ्यावर दोनदा

हौसेला मोल नाही म्हणतात. कबूल. पण हौसेच्या जोडीला थोडी अक्कल असायला काय हरकत आहे? सुशील देवस्थळी मूळचा पुण्यातल्या कर्वेनगरचा, आता तोक्योतल्या एदोगावात राहतो, तोयोसुच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. चाळिशी उलटल्यावर या गृहस्थाने काय करावं? कोबेहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली. आठ सिलिंडरचं इंजिन, त्याच्या डोक्यावर सुपरचार्जर, आणि स्टिअरिंग डावीकडे. त्याच्या बायकोने, यामिनीने, कपाळाला हात लावला. "अरे, सायकल ठेवायला जागा मिळेना, आणि हा रेडा कुठून आणलास?"

विकणारे कुरोसे-सान (सान म्हणजे आपलं राव) पंचाहत्तरीचे. कोबेच्या बंदराजवळ त्यांचं गॅरेज होतं. गॅरेजच्या आवाजात कान गेलेले, त्यामुळे ऐकायचं यंत्र लावायचे. किल्ली हातात देताना म्हाताऱ्याने भलतंच काहीतरी सांगितलं.

"चालवताना तुमच्या उजव्या गुडघ्यावर कुणी दोनदा टकटक केलं, तर मला फोन करा. विसरू नका."

कुणी म्हणजे कोण, सुशीलने विचारलं. तेव्हा कुरोसे-सानांनी सगळं समजावलं. सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते. पेट्रोलात दम नसला की ते ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतं, आणि आतल्या पिस्टनवर घण बसतात. ॲक्सिलरेटरवरून वेळीच पाय काढला नाही, तर पिस्टन फुटतो. कुरोसे-सानांना ते ठोके ऐकू यायचे नाहीत. त्यांच्या बायकोला, फुमिएला, यायचे. तीस वर्षं ती उजव्या सीटवर बसली. पहिला ठोका पडला रे पडला की ती त्यांच्या गुडघ्यावर दोनदा बोट आपटायची, आणि हे पाय काढायचे.

"ती जाऊन तीन वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. "तीन वर्षं मी रोज चालवली. एकदाही नाही. फार वाट पाहिली हो."

सुशील "हाय, हाय" म्हणजे "हो, हो" करत वाकला आणि गाडी घेऊन निघाला.

आता त्याचा शहाणपणा ऐका. बॉनेटच्या आतल्या बाजूला अमेरिकेतला एक स्टिकर होता: पेट्रोल किमान ९१ ऑक्टेन. टेस्टिंगवाल्याला आकडा दिसला की देव दिसतो. पुण्याचं साधं पेट्रोल एक्क्याण्णव, इथलं रेग्युलरही जवळपास तितकंच. मग पिवळ्या नळीचं महागडं हायओकु, म्हणजे हाय-ऑक्टेन, कशाला? स्पेक म्हणजे स्पेक! त्याने लाल नळी उचलली आणि टाकी रेग्युलरने गच्च भरली. अमेरिकेत ऑक्टेन वेगळ्या रीतीने मोजतात, तिथलं एक्क्याण्णव म्हणजे इथलं पंचाण्णवच्या वर, हे त्याच्या गावीही नव्हतं. कुरोसे-सानांनी सांगितलं नव्हतं, कारण असली गाडी पिवळ्यावरच चालते हे जपानात कुणाला सांगावं लागत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

ऑगस्टमधला रविवार, सकाळचे दहा. तिघं डोंगरातल्या निक्कोला निघाले. मागे नऊ वर्षांची लेक तन्वी कानात हेडफोन घालून बसलेली, पाच-पाच मिनिटांनी "मो त्सुइता?" म्हणजे "पोचलो का?" विचारत होती. उजवीकडे यामिनी पुऱ्यांचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन पेंगत होती. एक्स्प्रेसवेला चढण लागली. सुशीलने पाय दाबला, सुपरचार्जर किंचाळला, त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

उजव्या गुडघ्यावर दोनदा टकटक झालं.

"काय गं?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. त्याने पाय आणखी दाबला.

पुन्हा टकटक. या वेळी चांगलंच जोरात, चिडलेल्या माणसाने करावं तसं. त्याने मान वळवली. यामिनी गाढ झोपली होती. तिचे दोन्ही हात डब्याभोवती होते.

सुशीलची पाचावर धारण बसली. पाय आपोआप वर आला. सुपरचार्जरचा आवाज उतरला तसं त्याला आतलं ऐकू आलं: पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसं. मग तेही थांबलं.

पुढच्या सर्व्हिस एरियात गाडी लावून त्याने मोबाइल उघडला. इंजिनचे सगळे आकडे त्यात नोंदले जात होते. तेवढी सोय साहेबांनी पहिल्या दिवशीच करून ठेवली होती. सातव्या सिलिंडरसमोर लाल रेघांचं रान माजलं होतं, एकेक रेघ म्हणजे एकेक ठोका. आणखी थोडा वेळ पाय तसाच राहिला असता तर पिस्टन गेला असता. शंभरच्या वेगात, बायको-पोरीसकट. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ऑक्टेनचा घोळ त्याला तिथे बसून वाचल्यावर कळला.

त्याने कोबेला फोन लावला. सगळं ओरडून सांगावं लागलं.

"कुठला गुडघा?"

"उजवा!"

"किती वेळा?"

"दोनदा. मग परत दोनदा. जोरात."

मग म्हातारा हळू म्हणाला, "मी नेहमी पिवळंच भरलं. गारव्यात चालवली, अर्ध्या पायाने चालवली. मी कधी चुकलोच नाही, देवस्थळी-सान. तिला करायला कामच ठेवलं नाही मी." त्याचा श्वास ऐकू येत होता. "टाकी रिकामी करू नका. शनिवारी येतो. मला एकदा चालवू द्या."

सुशीलला कळून चुकलं. या माणसाला गाडी चालवायची नव्हती, इंजिनला ठोके पाडायचे होते. आणि ते पडले तरी त्याला ऐकू येणार नव्हते. नाही म्हणवेना, आणि हो म्हणणं म्हणजे त्याला मारणं. त्याने तोंडाने "बरं" म्हटलं, गाडी उचलवून जवळच्या गॅरेजात नेली, टाकी थेंबाथेंबापर्यंत काढून पिवळं भरून घेतलं. यामिनी एवढंच म्हणाली, "बरं केलंस. पण त्यांना सांगू नकोस रे."

शनिवारी पारा छत्तिसाला टेकला. कुरोसे-सान इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, केस नुकतेच कापलेले. डावीकडे ते बसले. उजवीकडे, फुमिएच्या सीटवर, सुशील.

"लालच आहे ना?"

"हो," सुशील खोटं बोलला.

समुद्राकाठच्या एक्स्प्रेसवेवर म्हाताऱ्याने पाय दाबला. गाडी झेपावली. काही झालं नाही. परत दाबला. काही नाही. कुरोसे-सान पुढे बघत होते आणि त्यांचा उजवा गुडघा वाट बघत होता. सुशीलच्या मनात आलं, आपणच बोट आपटलं तर? कुणाला कळणार आहे? पण त्याला लाज वाटली. असल्या जागी खोटेपणा करू नये. त्याने डाव्या हाताने मांडीवरचा मोबाइल घट्ट धरला. पडद्यावर एकही लाल रेघ नव्हती.

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि पाय तळापर्यंत नेला.

मोबाइल धरलेला सुशीलचा डावा हात सुटला. त्याने सोडला नव्हता. हात वर उठला, बाजूला गेला, आणि कुरोसे-सानांच्या गुडघ्यावर एका बोटाने दोनदा टकटक केलं.

त्यानंतर, हो, त्यानंतर, मांडीवरच्या पडद्यावर सातव्या सिलिंडरसमोर एक लाल रेघ उमटली. एवढ्या उन्हात पिवळ्यानेही दम सोडला होता.

कुरोसे-सानांनी झटकन पाय काढला. गाडी मंदावली. ते वळून बघायला धजले नाहीत. घरचा माणूस रागावल्यावर म्हणतात तशा सुरात ते पुटपुटले, "कळलं, कळलं. चुकलंच माझं."

सुशीलने हात मागे घ्यायला बघितला. पण हात त्यांच्या गुडघ्यावरच राहिला, बोटं हलकेच थोपटत होती, आणि पुढचा टोलनाका येईपर्यंत तो काही केल्या परत आला नाही.