दोन्ही बूट जागेवर

दुपारचे बारा वाजून गेले होते आणि माझा पाय एका जागी ठरत नव्हता. एक वाजता माझ्या चित्रपुस्तकाची फाइल छापखान्यात जाणार, आणि संपादकबाईंना शेवटच्या पानावर एक वाक्य हवं होतं. ‘आता कुत्रा या जगात नव्हता.’ अहो, मग चार महिने मी काय माशा मारत बसले होते?

गोष्ट साधी आहे. एका मुलीचा कुत्रा रोज सकाळी तिचा एक बूट पळवतो. कधी पलंगाखाली, कधी बादलीत, कधी शेजाऱ्यांच्या पायरीवर. मुलगी एका पायात बूट घालून त्याच्यामागे. पानागणिक कुत्रा थोडा थोडा म्हातारा होतो. शेवटच्या पानावर शब्द नाहीत. दाराशी दोन्ही बूट शेजारी शेजारी, आणि मुलगी अनवाणी पायरीवर बसलेली. बस्स.

“मुलांना कळायचं नाही,” बाई फोनवर म्हणाल्या.

“माझ्या भाचीला कळलं. सहा वर्षांची आहे.” ते पान बघून चिमीने माझ्याशी अर्धा तास अबोला धरला होता.

“मग मोठ्यांना कळायचं नाही. विकत तेच घेतात. घरातल्या कुणा मोठ्या माणसाला दाखव. न सांगता कळलं, तर पान तसंच ठेवते. नाहीतर वाक्य घालणार.”

घरात माझ्याखेरीज मोठं माणूस एकच, माझे बाबा. आली का पंचाईत! चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. अक्षरन् अक्षर बघणार, चित्राकडे ढुंकूनही नाही. चित्र म्हणजे त्यांच्या लेखी मजकूर संपल्यावर उरलेली जागा. ते वाक्य घातलं की माझं पान मेलंच, आणि ते वाचवणं आता बाबांच्या हातात!

नमुना प्रत घेऊन बाबा खिडकीशी बसले. चौदा पानं त्यांनी तीन मिनिटांत उरकली. मी नखं खात येरझारा घालत होते. शेवटच्या पानावर ते थांबले. मग लाल पेन्सिल उचलून समासात खूण केली आणि लिहिलं : मजकूर सुटला आहे.

“बाबा!” मी ओरडलेच.

“ओरडतेस काय? सुटलाय तर सुटलाय. मूळ प्रत आण, ताडून बघतो.”

मला रडूच यायला लागलं. सांगायची सोय नाही, सांगितलं की अट मोडली. तेवढ्यात चिमी त्यांच्या मांडीवर चढली.

“आजोबा, तुम्ही नुसतं वाचलंत. आता बघा.”

“चिमे, सांगायचं नाही हं!”

“सांगत नाहीये गं आत्या!” तिने पहिलं पान उघडलं आणि बुटावर बोट ठेवलं.

“पलंगाखाली,” बाबा म्हणाले. पान उलटलं. “बादलीत. लबाड आहे लेकाचा!” पुढे त्यांचा आवाज सावकाश होत गेला. “हा उंबऱ्यातच बसला की. दमला वाटतं.” मग शेवटचं पान. “दोन्ही जागेवर...” म्हणाले आणि त्यांचं बोट त्या बुटांवरच राहिलं.

फोन वाजला. “बाबांना दाखवलंय,” म्हणत मी स्पीकर लावला.

“काय काका, शेवटी काय झालं ते कळलं का?” संपादकबाईंनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. खाकरले, पुन्हा उघडलं. छे.

“आजोबा रडतायत,” चिमीने सांगून टाकलं.

“बरं,” बाई म्हणाल्या, “पान तसंच जाऊ दे.”

मला नाचावंसं वाटत होतं, पण बाबांजवळून हलवेना. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्यावरच डाफरले, “तुझी आधीची पुस्तकं कुठे आहेत? सगळी काढ.”

“ती तर तुम्हीच तपासलीत की, बाबा.”

“तपासली गं,” बाबा म्हणाले. “बघितली कुठे?”