चौदा नंबरची विहीर

टेप तळापर्यंत गेली, तरी शिट्टी वाजली नाही. त्याने ती थोडी वर ओढली, पुन्हा सोडली. टोकाचा पितळी गोळा पाण्याला टेकला की हातातल्या डब्यातून शिट्टी वाजते. बावीस वर्षं तो ती ऐकत आला होता. तिसऱ्या खेपेला गोळा वर आला, तो कोरडी माती घेऊन.

"कुठवर आहे पाणी?" ताईने ओट्यावरून विचारलं.

"थांब जरा."

कोळशाच्या खुल्या खाणीभोवतालच्या एकतीस विहिरींची पातळी दरमहा मोजायची, पाण्याच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे त्याचं काम. चौदा नंबरची विहीर थोरल्या बहिणीच्या परसात होती; वडिलांचं जुनं घर आता तिच्याकडे होतं. वडिलांनी ती खणली तेव्हा मातीच्या पाट्या दोघा भावंडांनीच वाहिल्या होत्या.

त्याने साहेबांना फोन लावला.

"कोरडी लिही आणि यादीतून काढून टाक," साहेब म्हणाले. "तेवढाच तुझा एक फेरा वाचला."

"बरं."

त्याने तारीख घातली, 'कोरडी' लिहिलं, सही केली. आत काहीतरी व्हायला हवं होतं, असं त्याला वाटलं. झालं काहीच नाही. रिकामी बाटली त्याने पेटीत परत ठेवली.

ताई जवळ आली. पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, हा अहवाल दोन वर्षांपूर्वी त्यानेच तिला वाचून दाखवला होता. तेव्हापासून प्यायला टँकरचं, आणि धुण्याभांड्याला विहिरीचं.

"आटली?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

तो टेप पुसत राहिला. "सहा वर्षांपासून. खाण जवळ येत गेली तशी ती दरवर्षी दोन मीटर उतरत होती."

"आणि दर महिन्याला माझ्या हातचा चहा पिऊन, 'येतो ताई' म्हणून जात होतास."

"सांगून थांबलं असतं का?"

"थांबलं नसतं. पण मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. मी सांडते फार."

तिने कप्पीवरचा दोर ओढायला घेतला. तळाला बादली खरखरली. आधी निळा नायलॉन वर आला, मग एक गाठ, मग पांढरा सुती दोर, पुन्हा गाठ.

"ही यंदाची. ही माझी धाकटी लेक सासरी गेली त्या वर्षीची," ताई म्हणाली. "दोर पुरेना झाला की मी तुकडा जोडायचे. तू वहीत लिहीत होतास, मी गाठी मारत होते. बोललो मात्र कोणीच नाही."

खाणीत सुरुंग उडाला. स्वयंपाकघरात भांडी वाजली. दोघांनीही मान वळवली नाही.

त्याने पेटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. ताई त्याच्या हातांवर दोराचे वेढे घालत गेली. सात गाठी झाल्या. शेवटी बादलीजवळचा सगळ्यात जुना, काळपट तुकडा आला. तो खडखडीत कोरडा होता. तरी तो गुंडाळून झाल्यावर ताईने सवयीने आपले हात पुसले.